पाचवी पेटी

"यादीत एकच पेटी आहे," ड्रायव्हर म्हणाला. "ही दुसरी कशाला?"

"जोडीची आहे. एकटी पाठवायची नसते," मी म्हटलं.

"म्हणजे काय, लग्नाला चालल्यात का पेट्या?"

"तू डिकी उघड रे बाबा. उचलायच्या मला आहेत. तुझं काय दुखतंय?"

त्याने तोंड वाकडं करून बसची डिकी उघडली. मी चौथी पेटी आत सरकवली आणि तिच्या अंगाला पाचवी. यादीत पाचवीच होती. चौथी मी माझ्या अकलेने घेतली होती. खात्यात एकवीस वर्षं काढली, पण यादीबाहेरची पेटी शेडमधून हलवायची माझी ती पहिलीच वेळ.

मला सगळे पेटीबाई म्हणतात. खरं नाव हजेरीपटात आहे, तिथेच बरं आहे ते. आमच्या भूजल कार्यालयाच्या मागे पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. पाणी शोधायला जमिनीत खोल भोक पाडतात ना, तेव्हा मशीनच्या नळीतून दगडाचे मनगटाएवढे जाड दांडके बाहेर येतात. त्याला कोअर म्हणायचं. हे दांडके लाकडी पेट्यांत ओळीने मांडतात. वरचा तुकडा डावीकडे, खालचा उजवीकडे, वहीतली ओळ वाचावी तसं. पेटी वाचली की जमिनीच्या पोटात काय आहे ते कळतं. वाचायचं काम साहेबांचं. पुसायचं, वाळवीपासून जपायचं आणि तुकडा तसूभर हलू द्यायचा नाही, हे काम माझं.

"आयुष्य गेलं हिचं दगड पुसण्यात," माझ्या सासूबाई येईल त्याला सांगतात. "एवढी सेवा केली, पण एका तरी दगडाने हिला घोटभर पाणी दिलं का, विचारा!"

त्यांचंही चुकत नाही. आम्ही टेकडीवरच्या वस्तीत राहतो. आमच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं, तेही टेकडीच्या पायथ्याला, तासभर. तिथून घरापर्यंत एकशे बारा पायऱ्या. सासूबाई त्या पायऱ्या पन्नास वर्षं डोक्यावर हंडा घेऊन चढल्या. आता गुडघे गेले, म्हणून त्या वर बसून मला रागावतात आणि मी चढते.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या वस्तीसाठीच टेकडीच्या उतारावर बोअर घेतला होता. वस्तीतली माणसं कामधाम सोडून मशीन बघायला जायची. खूप खोल गेले, पाणी लागलं नाही. पाच पेट्या भरून कोअर निघाला. साहेबांनी पेट्या वाचल्या, रिपोर्ट लिहिला: शेवटच्या पेटीत भोकाभोकांचा, पाणी धरणारा दगड लागतो खरा, पण तो हातभरच जाड, त्याच्याखाली पुन्हा अखंड काळा दगड. पुढे खोदण्यात अर्थ नाही. मशीन गेलं. आम्ही पुन्हा पायऱ्या चढायला लागलो.

मी तेव्हा नोकरीत नवी होते. पाचवी पेटी पुसताना माझा हात थांबला. त्या भोकाभोकांच्या दगडात करंगळी जाईल एवढ्या पोकळ्या होत्या, आणि अर्ध्याअधिक पोकळ्यांत पांढरा थर साचलेला. सपाट, जणू पातळी लावून बसवलेला. हे मला नवं नव्हतं. आमच्या हंड्यात क्षार असाच साचतो, चिंचेने घासून हात दुखतात. फक्त हंड्यात तो तळाला असतो. या दगडात सगळ्या पोकळ्यांत तो डावीकडे होता. आणि पेटीत डावं म्हणजे वरचं.

क्षार कधी झाकणाला बसतो का हो?

मी जाऊन साहेबांना सांगितलं. म्हटलं, "साहेब, ही पेटी उलटी भरल्यासारखी वाटते."

ते आधी हसले. मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, "बाई, पेटी तुमच्या हातून पडली का? खरं सांगा. पडली आणि तुम्ही घाईघाईने तुकडे परत लावले, असं झालंय का?"

"नाही हो साहेब! शप्पथ!"

"मग तुम्हाला कसं कळलं उलटी आहे ते?"

मी हंडा आणि क्षार सांगायला तोंड उघडलं, पण समोर चार माणसं उभी होती, त्यातला एक फिस्सकन हसला. माझी बोबडीच वळली. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांनी शेडच्या रजिस्टरमध्ये लिहिलं: 'पेटी पाच. हाताळणीत गोंधळ झाल्याची शंका.' खाली माझं नाव. आणि पेटीला तार बांधून शिशाचं सील ठोकलं, पुन्हा कुणी हात लावू नये म्हणून. एकोणीस वर्षं ते सील माझ्याकडे बघतंय. दरवर्षी कॉलेजच्या मुलांची सहल निघते, दगड आणि पाणी बघायला. शेडमधलं कुणीतरी पेट्या सांभाळायला बरोबर जातं. त्या प्रकारानंतर मला कधी कुणी 'चला' म्हटलं नाही. एवढे दगड पुसले, पण जमिनीतला जागचा दगड मी पाहिला नव्हता.

या वर्षी आमच्या कार्यालयात नवीन मॅडम आल्या. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी विचारलं, "पेट्या कोण सांभाळतं? मग त्यांनीच यायला हवं." एवढं साधं होतं ते. मग त्यांनी सहलीचा कार्यक्रम वाचून दाखवला. सकाळी ओढा, मग खाण, आणि शेवटी आमच्या टेकडीवरचा जुना बोअर, तिथे दाखवायला पाचवी पेटी. त्या जागेवर गोदाम होणार होतं. फसलेला बोअर काँक्रीटने कसा बुजवतात, ते नगरपालिकेचे इंजिनिअर मुलांना प्रत्यक्ष करून दाखवणार होते. भोक बुजलं, वर गोदाम चढलं, की आमच्या टेकडीला पुन्हा कधी मशीन लागणार नव्हतं.

"कुठं निघालीस नटूनथटून?" सकाळी सासूबाईंनी विचारलं.

"सहलीला."

"या वयात? देव तुझं भलं करो. येताना दगड आण हो एखादा, घरात कमी आहेत."

बसमध्ये पुढच्या सीटवर पाहुणे म्हणून कोण बसले असतील? तेच साहेब. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, केस पांढरे, हातात काठी, पण गप्पा तशाच रंगलेल्या. मला बघून म्हणाले, "अरे वा, पेटीबाई! अजून आहात?"

"आहे ना साहेब. दगडासारखी."

पोरं हसली, साहेबही हसले. त्यांच्या मनात काही नव्हतं. ज्याने लिहिलं तो विसरतो, जिच्याबद्दल लिहिलं तिला पाठ असतं.

ओढ्यावर मॅडमनी मुलांना पाण्याची धार मोजायला लावली. मी काठावर बसून पेट्यांची काळजी करत राहिले. मग खाणीत गेलो. बसमधून उतरले आणि बाई गं, काय सांगू! समोर डोंगराची उभी कापलेली भिंत. चार मजली घर उभं राहील एवढी. वर अखंड काळा दगड, गुळगुळीत. आणि त्याच्याखाली भोकाभोकांचा दगड, माझ्या पेटीतला, सख्खा. माझ्या शेडमध्ये तो हातभर होता, इथे दोन पुरुष उंच. आणि त्याच्या अंगातून सगळीकडून पाणी पाझरत होतं.

मुलं वह्या काढून चित्रं काढायला लागली. मी सरळ भिंतीशी गेले. पहिल्या पोकळीत बघितलं. पांढरा थर तळाला. दुसरीत, तळाला. मी पदर खोचला आणि भिंतीच्या कडेकडेने चालत सुटले. पन्नास-साठ पोकळ्या तरी बघितल्या असतील. एकही झाकणाला नाही. एकही!

"मावशी, काय शोधताय?" चष्मा लावलेल्या एका मुलीने विचारलं.

"काही नाही गं. माझं डोकं ठिकाणावर आहे का ते बघत होते."

"मग?"

"आहे," मी म्हटलं, आणि मला रडूच आलं. पोरगी घाबरली, पाण्याची बाटली पुढे केली. एकोणीस वर्षं मी मनाला समजावत होते, की बाई, तुला काय कळतं, शिकलेली माणसं म्हणतात तेच खरं असेल, पडलीही असेल पेटी कधी, तुझ्याच लक्षात नसेल. आणि इथे अख्खा डोंगर माझ्या बाजूने उभा होता.

मागे मॅडम मुलांना सांगत होत्या, "हा पाणी धरणारा थर. टेकडीवरच्या बोअरमध्येही तो लागला, पण रिपोर्टप्रमाणे तिथे तो हातभरच आहे. इथे एवढा जाड आणि तिथे एकदम एवढासा, हे मला कळलेलं नाही. तुम्हीही विचार करा."

मी पेट्यांजवळ जाऊन बसले. बोलायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. चुकलं तर नाचक्की. आणि नाही बोलले तर एकशे बारा पायऱ्या, मला, आणि माझ्यानंतर माझ्या सुनेला.

टेकडीवर पोहोचलो तेव्हा काँक्रीटचा मिक्सर घरघर करत फिरायलाच लागला होता. इंजिनिअर घड्याळ बघत उभे. बोअरच्या तोंडाचं लोखंडी झाकण काढून ठेवलेलं. वस्तीतली दहा-बारा माणसं लांब उभी राहून बघत होती. मी पाचवी पेटी आणून ठेवली. मॅडमनी पक्कडीने सील तोडलं. एकोणीस वर्षांची तार कट्‌ करून तुटली.

साहेब काठी टेकत पुढे आले आणि मुलांना समजावायला लागले. "हे बघा, तुकडा एक आणि दोन, भोकांचा दगड. तीनपासून सातपर्यंत अखंड. म्हणजे पाण्याचा थर सुरू झाला आणि हातभरात संपला. म्हणून आपण थांबलो."

इंजिनिअरनी मिक्सरवाल्याला हात केला.

"थांबा!" मी ओरडले.

एवढ्या जोरात ओरडले की वस्तीतल्या माणसांनीही माना वळवल्या. आता माघार नव्हती.

"मॅडम, ही पेटी उलटी आहे. खाणीत बघितलं मी. पांढरं सगळं तळाला बसलंय, एकूण एक पोकळीत. आमच्या हंड्यात बसतं तसं. आणि इथे बघा, डावीकडे आहे, वरच्या अंगाला. झाकणाला क्षार बसतो का? मुलांनो, तुम्हीच सांगा."

चष्मेवाली पुढे वाकली. "मॅडम, खरंच!"

मॅडम गुडघे टेकून बसल्या आणि भिंग लावून एकेक पोकळी बघायला लागल्या.

"हो," साहेब हळूच म्हणाले. "पण त्याला कारण आहे. ही पेटी यांच्या हातून पडली होती. रजिस्टरला नोंद आहे."

झालं! सगळ्यांसमोर तेच. पण या वेळी बोबडी वळली नाही.

"पडली असती तर आकडे उलटसुलट झाले असते, साहेब. तुकड्यांवर एक ते सात आकडे आहेत, रंगाने घातलेले, ओळीत. शेडमध्ये रंगाचा डबा कधी नव्हता, आजही नाही. हे आकडे इथे, मशीनजवळ घातलेत. ज्याने घातले त्यानेच पेटी भरली. आणि मी चौथी पेटी पण आणलीय." मी ती ओढून पाचवीला भिडवली. "चौथीचा शेवटचा तुकडा आणि पाचवीचा पहिला, एकाच दगडाचे दोन तुकडे. मोडलेली कड कडेला बसली पाहिजे. मला हात लावायची परवानगी नाही. तुम्ही लावून बघा."

साहेबांनी काठी एका मुलाकडे दिली आणि खाली बसले. चौथीचा शेवटचा तुकडा त्यांनी डाव्या हातात धरला, पाचवीचा एक नंबर उजव्या हातात. लावला. बसेना. फिरवून लावला. बसेना. मिक्सर घरघरत होता.

मग त्यांनी सात नंबर उचलला, उलटा केला आणि लावला.

टक्.

कपाला तुटलेला कान बसावा तसा बसला. सांधा दिसेना. साहेबांनी हात सोडला तरी क्षणभर तुकडा तिथेच धरून राहिला.

साहेब त्या सात नंबरकडे बघत राहिले. आकड्याच्या मधोमध आडवी रेघ होती, काही माणसं सात तसा काढतात. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, हाताच्या तळव्यावर सात काढला आणि मॅडमपुढे धरला. तीच आडवी रेघ.

"आकडे माझे आहेत," ते म्हणाले. आवाज मुलांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "त्या दिवशी मशीनवरच्या मिस्त्रीला ताप आला होता. शेवटची नळी मी रिकामी केली, पहिल्यांदाच. नळीतून आधी जो तुकडा पडतो तो सगळ्यात खालचा असतो. तो पेटीत शेवटी ठेवायचा. मिस्त्रीला हे झोपेतही चुकलं नसतं. मी जो आधी आला तो आधी ठेवला." ते मुलांकडे वळले. "मुलांनो, लिहून घ्या. मी चुकलो. या बाईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, आणि मी चूक यांच्या नावावर लिहिली."

"म्हणजे खरा क्रम असा," मॅडम ताडकन उठल्या. "आधी अखंड दगड, आणि भोकांचा दगड अगदी शेवटी. तो हातभर जाडीचा नाहीच! तो तिथे सुरू होतोय आणि आपण तिथेच थांबलो!"

"दारातून परत गेलो," साहेब म्हणाले.

मला काय झालं कोण जाणे, मी इंजिनिअरकडे वळून म्हटलं, "ओ साहेब, बंद करा ना ती घरघर! डोकं उठवलं तिने!"

त्यांनी मिक्सर बंद करायला लावला. वस्तीतल्या लोकांना नीटसं कळलं नव्हतं, पण बोअर बुजत नाहीये एवढं कळलं, आणि तेवढ्यावर एका म्हातारबुवांनी टोपी हवेत उडवली. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. चष्मेवाली माझ्या गळ्यातच पडली. ड्रायव्हर बसच्या दारातून ओरडला, "मावशी, लागलं की हो लग्न!"

दुसऱ्या दिवशी साहेब काठी टेकत शेडमध्ये आले. जुनं रजिस्टर मागितलं. ती ओळ खोडली, खाली खरं काय ते लिहिलं आणि सही केली. मग म्हणाले, "बाई, बसू का जरा?" मी स्टूल दिलं. ते बराच वेळ बसले. मी पेट्या पुसत राहिले.

मॅडमनी कागद हलवले, इंजिनिअरनीही मनावर घेतलं, गोदाम पलीकडे सरकलं. महिन्याभराने त्याच भोकात पुन्हा मशीन लागलं. मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. नवा मिस्त्री नळी रिकामी करायला लागला, तेव्हा मी शेजारी उभी राहून म्हटलं, "आधी पडला तो शेवटी हं, दादा."

"माहितीय हो मावशी."

"माहीत सगळ्यांनाच असतं."

सहाव्या पेटीत सगळा भोकाभोकांचा दगड निघाला, ओलाचिंब. मॅडमनी रंगाचा ब्रश माझ्या हातात दिला. "आकडे तुम्ही घाला." एकवीस वर्षांत तुकड्यावर माझ्या हाताने काही लिहिलं नव्हतं. एक जरा वाकडा आला. सातापर्यंत आकडे सरळ यायला लागले. आठव्या पेटीला नळीच्या आधी पाणीच वर आलं, गढूळ, फसफसत, आणि वस्ती उतारावरून बोअरकडे पळत सुटली. मीही ओरडत होते म्हणे. मला आठवत नाही.

नळ घरात यायला आणखी काही महिने गेले. ज्या दिवशी आला त्या दिवशी सासूबाई सकाळपासून नळासमोर खुर्ची टाकून बसल्या होत्या. पाणी आलं तेव्हा मी काचेचा पेला भरून त्यांच्या हातात दिला. पाणी अजून जरा गढूळ होतं.

"पिऊ नका लगेच," मी म्हटलं. "बसू द्या."

त्यांनी पेला खिडकीत ठेवला आणि बघत राहिल्या. मीही शेजारी बसले. हळूहळू पाणी वरून निवळत गेलं. पायऱ्यांवरून कुणी चढत नव्हतं, हंड्यांचा आवाज नव्हता.

"बघ गं," सासूबाई म्हणाल्या. "सगळं पांढरं तळाला बसलं."

"हो," मी म्हटलं. "तळालाच बसतं."

त्यांनी पेला उचलला, तळ हलू न देता, आणि आधी माझ्या हातात दिला.